फार चांगली होती हो

मालन फाळकेनं डोळ्यांवरचा तो जाडजूड चष्मा काढला, गिरणीच्या फळीवर पिठाच्या डब्यांशेजारी ठेवला आणि पुण्याहून आलेल्या पोरीला विचारलं, "ही बाई कोण?"

"कोण म्हणजे? हिराबाई, मावशी. तुमची बहीण."

"हॅट्! कपबशी आमच्या आक्काचीच हाय. कानाचा उडालेला टवका बी बरोबर दावलाय. भिंतीवरचं कॅलेंडर, शिलाई मशीनचा सैल पट्टा, कोळशाची इस्त्री, समदं तिचंच. बाई तेवढी भलतीच आणून बसवलीया."

सानिका बेडेकरचा चेहरा पडला. पडणारच हो! आठ महिने खपून तिनं ही चाळीस मिनिटं उभी केली होती. २०४१ साल चालू होतं आणि जुन्या, तपास न लागलेल्या खुनांच्या मालिकांचं नुसतं पीक आलं होतं. त्यातल्या निम्म्या रक्ताच्या थारोळ्यावर आणि छाती दडपवणाऱ्या संगीतावर चालायच्या. सानिकाची मालिका तसली नव्हती. 'शेवटची चाळीस मिनिटं' म्हटलं की शहाणीसुरती माणसंसुद्धा कौतुकानं मान हलवायची. खोली हुबेहूब, ऊन त्या तारखेचं आणि त्या घटकेचं, चहाची वाफसुद्धा त्या दिवशीच्या हवामानाप्रमाणे. प्रेक्षकानं चष्मा लावला की तो थेट मेलेल्या माणसाच्या घरात जाऊन उभा राहायचा. उत्तम माहितीपटाची दोन मोठी बक्षिसं तिच्या कंपनीच्या कपाटात होती.

"नक्की काय चुकलंय?" सानिकानं वही उघडली.

"काय चुकलंय? दारात कासार आला, तर ही हसली! वर 'या मामा, उन्हाचं आलाय, घोटभर चहा घ्या' म्हणली! अगं, आमची आक्का सख्ख्या बहिणीला चहा पाजायची न्हाई. मी गेले की म्हणायची, घरनं पिऊन आली आसशीलच."

एवढं बोलून मालननं जीभ चावली. आपण काय बोलून बसलो हे तिच्या ध्यानात आलं होतं. बत्तीस वर्षांत असं काही तिच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं.

हकीकत अशी. सातारा जिल्ह्यातली रेठवाडी आणि ओढ्यापलीकडची पाडळी ही दोन लहान गावं. हिरा शेवाळे रेठवाडीची. नवऱ्यानं टाकली म्हणून माहेरी परतलेली. गावाच्या कडेला एका खोलीत राहायची आणि ब्लाउज शिवून पोट भरायची. २००९ सालच्या मार्च महिन्यात, भर दुपारी बारा ते एकच्या दरम्यान, कुणीतरी तिच्याच इस्त्रीनं तिचं डोकं फोडलं. दार मोडलेलं नव्हतं, कडी आतून काढलेली. ओट्यावर दोन कप. एक रिकामा, एक भरलेला. चोरी नाही, झटापट नाही. बाराच्या आधी जरा वेळ बांगड्या विकणारा नेमिनाथ कासार त्या बोळात दिसला होता. त्याला धरला, सोलून काढला, तीन वर्षं कच्च्या कैदेत ठेवला आणि शेवटी पुरावा नाही म्हणून सोडून दिला. कोर्टानं सोडला, पण गावांनी थोडाच सोडला! कुठल्याही बाईनं त्याच्यापुढं पुन्हा हात केला नाही.

मालन हिराची धाकटी बहीण. पाडळीत दिलेली. आता त्रेसष्ट वर्षांची होती, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन्ही गावांचं दळण तिच्या गिरणीत यायचं. जन्मभर गिरणीच्या घरघरीवर ओरडून बोलल्यामुळे तिचा आवाज असा की हळू बोलली तरी ओढ्यापलीकडं ऐकू जावं.

"मावशी, भाग अजून दाखवलेला नाही," सानिका म्हणाली. "मेलेल्या माणसाला पडद्यावर उभं करायचं तर जवळच्या सगळ्या वारसांची सही लागते. कायदा आहे. तुमच्या थोरल्या भावानं, रंगरावांनी, केली. आता फक्त तुमची राहिली."

"अन् शेवटी काय दावणार?"

"नेमिनाथ कासार. एकोणनव्वद टक्के."

"टक्के कुठनं आले?"

सानिका एका पोत्यावर टेकली आणि तिनं समजावून सांगितलं. पोरगी हुशार होती, अवघड गोष्ट सोपी करून सांगायची हातोटी होती तिला.

त्यांच्या यंत्राचं नाव 'मांडणी'. त्याचं काम दोन भागांत चालायचं. पहिला भाग जागेचा. पोलिसांचे फोटो, पंचनामा, डॉक्टरांचा अहवाल हे सगळं त्यात घातलं की यंत्र ती खोली पुन्हा उभी करायचं. इस्त्री किती जड, हात कुठून आला, कप कुणी कुठं ठेवला, हे सगळं गणितानं निघायचं. त्यात चूक फारशी होत नसे. दुसरा भाग माणसाचा, त्याला म्हणत स्वभावसाचा. मेलेल्या माणसाला ओळखणाऱ्यांना तीनशे बारा प्रश्न विचारायचे. अनोळखी माणूस दारात आला तर ती काय करायची? कुणी उलट बोललं तर? या उत्तरांवरून यंत्र त्या माणसाचा चालताबोलता साचा घडवायचं. मग तो साचा त्या खोलीत सोडायचा, दारात एकेक संशयित उभा करायचा आणि तीच दुपार एक लाख वेळा घडवून बघायची, दर वेळी जराशी निराळी. कुणाच्या बाबतीत शेवट अगदी पोलिसांच्या फोटोसारखा होतो, म्हणजे कडी आतून काढलेली, दोन कप, एक रिकामा, हे मोजायचं. तेच टक्के.

"साचा चुकला तर?"

"एकाच माणसाचं ऐकलं तर चुकतो. म्हणून आम्ही अकरा जणांना विचारलं. दोन्ही गावांतले. तुमचा २००९ चा पोलिसांतला जबाबही घेतला." सानिका जरा अडखळली. "अकराही जणांनी एकच सांगितलं, मावशी. फार चांगली होती हो. शांत, मनमिळाऊ, कुणाशी भांडण नाही. एवढं एकमत आम्ही कधीच पाहिलं नव्हतं. यंत्रानं ते शंभर टक्के खरं धरलं."

मालननं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं येडे! मेलेल्या माणसाचं उणं काढू नये म्हणत्यात आमच्यात. पिंडाला कावळा शिवंपर्यंत तर न्हाईच, अन् त्यापुढं बी न्हाई. गावातला दारुडा मेला तरी दहाव्याला काय म्हणत्यात? लई दिलदार माणूस होता. तू अकरा जणांस्नी इचारलंस तर अकरा जण दुसरं काय सांगणार?"

आता खरं तर इथं मालनला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण तो २००९ चा जबाब तिनं स्वतः दिला होता आणि तो कुणी द्यायला लावला तेही तिला आठवत होतं. रंगरावदादा तिच्या कानाशी लागून म्हणाला होता, "आक्का गेली. आता तिच्या भांडणाचं काय बी बोलू नगंस. गोड बोल. घराण्याची अब्रू हाय." तिनं गोड सांगितलं होतं.

"मावशी, तुम्ही एकटीनं वेगळं सांगून साचा हलणार नाही," सानिका म्हणाली. "एकाविरुद्ध अकरा."

"मग अकरा आणते की."

दुसऱ्या दिवशी सकाळी दळणाची गर्दी असताना मालननं गिरणीचा खटका खाली ओढला. घरघर थांबली तशा बायका चमकल्या. सानिका कोपऱ्यात ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन बसली होती.

"पीठ मिळंल, पण आधी खरं बोलायचं," मालन म्हणाली. "आमची हिराआक्का कशी होती?"

"फार चांगली होती हो," पंच्याहत्तरीची सुंदरा लगेच म्हणाली. "देवमाणूस."

"सुंदरावैनी, तुमच्या लेकीच्या लग्नातला ब्लाउज आठवतोय का?"

सुंदराचं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. बाकीच्या बायका तिच्याकडं बघू लागल्या.

"बोला की. माझीच बहीण हाय. पाप लागलं तर मला लागंल."

"आता तू म्हणतीस म्हणून सांगते बाई," सुंदरानं पदर खोचला. "बाही चांगली चार बोटं आखूड शिवली! दावायला गेले तर वर तोंड करून म्हणती, बाही बरोबर हाय, तुज्या पोरीचा दंडच लांब हाय, त्येला मी काय करू?"

झालं! बांध फुटला. एकीच्या कोंबडीला हिरानं कात्री फेकून मारली होती. एकीनं हळदीकुंकवाचं आवतण दिलं म्हणून तिला, "तुमची वाणाची ती प्लास्टिकची डबडी तुमच्याच घरी ठेवा" असं ऐकावं लागलं होतं. "दारात कुणी उभं राहिलं की आतनंच बोलायची," रेणुका नावाची बाई हिराच्या नाकातल्या आवाजाची नक्कल करत म्हणाली, "काम आसंल तर बोल, न्हाईतर वारा अडवू नगंस!" बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. कुणी डोळे पुसत होतं. बत्तीस वर्षं भिंतीवर हार घालून टांगलेली हिरा त्या सकाळी पहिल्यांदा खाली उतरली आणि गिरणीत भांडायला उभी राहिली असं मालनला वाटलं. तिला तिची इतकी आठवण आली की तिनं ओठ दाताखाली दाबून धरला.

"अन् चहा?" सानिकानं मधेच विचारलं. "दारावर आलेल्या माणसाला चहा?"

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. मग असा काही हशा उसळला की बाहेर बांधलेली म्हैस दावणीला हिसके देऊ लागली.

"चहा? हिरानं? पाणी दिलं तरी देव पावला म्हणायचं!"

सुंदरा मात्र हसता हसता रडायला लागली. "तरी पण सांगते, माझी सून बाळंत झाली तवा चोवीस दुपटी शिवून दिली हो हिरानं. पैसं द्यायला गेले तर शिव्या घालून हाकललं मला." ते बोलणंही सानिकानं नोंदवून घेतलं.

त्या एका सकाळी चौदा जणींचे जबाब झाले. दुपारी सानिकानं मांडणी पुन्हा चालवली. नवी हिरा त्या खोलीत उभी राहिली. मालननं चष्मा लावला आणि या वेळी तिला बघताक्षणी हुंदका आला. तीच! कपाळाला आठी, तोंडात टाचणी, नजर दारावर. कासारानं हाक मारली. हिरा दाराकडं फिरकलीसुद्धा नाही. खिडकीतूनच खेकसली, "चालता हो! भर दुपारचं कोण भरतंय बांगड्या?"

लाख वेळा तेच. नेमिनाथ कासार एकोणनव्वदवरून दोन टक्क्यांवर आला.

आणि मग यंत्रानं एक प्रश्न विचारला. जागेची माहिती आणि साचा जुळेनासा झाला की ते असं विचारायचं. पडद्यावर अक्षरं आली: 'या व्यक्तीनं दार उघडलं आणि चहा दिला. ती न मागता कोणाला चहा देई?'

मालननं चष्मा काढला. तिला उत्तर माहीत होतं. ते इतकं सोपं होतं की बत्तीस वर्षं तिनं त्याच्याकडे पाठ करून दळणं दळली होती.

आक्का एकाच माणसाला चहा द्यायची. त्याच्याशी तिचं हाडवैर होतं तरी. वडलांच्या जमिनीत मुलींनाही वाटा मिळणार म्हटल्यावर रंगरावदादानं दोन्ही बहिणींपुढं हक्कसोडपत्र ठेवलं होतं. मालननं मुकाट्यानं सही केली होती. आक्कानं कागद त्याच्या तोंडावर फेकला होता. तो दर आठवड्याला यायचा आणि दर आठवड्याला ती त्याचा उद्धार करायची. पण शिव्या देता देता एका हातानं चुलीवर आधण ठेवायची. मालननं एकदा विचारलं होतं, एवढं भांडतीस आणि चहा कशाला? तर म्हणाली होती, "माहेरचा माणूस कोरड्या तोंडानं गेला, तर आई वर काय म्हनंल?"

आणि त्या दिवशी? त्या दिवशी दुपारी दोन वाजता रंगरावदादा मालनच्या दारात आला होता. उन्हानं जीव जातोय म्हणाला, आणि जेवायच्या आधी अंघोळ केली होती. तिनं त्याला नवऱ्याचा सदरा दिला होता. संध्याकाळी फौजदारानं विचारलं तेव्हा दादा म्हणाला, मी सकाळपासून मालनकडंच होतो. आणि तिनं मान हलवली होती. पोलीस घरच्या माणसांना उगाच छळतात, असं तो म्हणाला होता. तिला ते पटलं होतं. पटवून घेतलं होतं म्हणा!

"मावशी?" सानिकानं हळूच विचारलं. "भावाचं नाव घालू?"

मालननं चष्मा फळीवर उलटा ठेवला. सानिकानं ते घातलं. चौऱ्याऐंशी टक्के.

पुण्याला फोन गेला आणि तासाभरात उत्तर आलं. सानिकाचे साहेब हर्षानं वेडे झाले होते. सख्खा भाऊ! असं वळण मालिकेच्या अख्ख्या हंगामात नव्हतं. त्यांना नवी चाळीस मिनिटं हवी होती. भावाचा हात, चहाची वाफ, हिराचा वळलेला चेहरा, सगळं जवळून.

"फार दर्जेदार भाग होईल, मावशी," सानिका म्हणाली. पण तिचा आवाज पडेल होता.

"न्हाई," मालन म्हणाली.

"पण खरं तर हेच..."

"तुझं यंत्र काल कासाराला एकोणनव्वद म्हणत होतं, आज दोन म्हणतंय. आज दादाला चौऱ्याऐंशी म्हणतंय. अगं, अशाच टक्क्यांत एक माणूस कुजून गेला! तुझा तो चष्मा लावला की गिरणीतल्या बाईपासनं न्यायाधीशापर्यंत समदी म्हणणार, आम्ही डोळ्यानं बघितलं. कुणी बघितलं? तू बघितलंस? मी बघितलं? मला ठावं हाय ते एवढंच. दोन वाजता आला, अंघोळ केली, अन् मी खोटं बोलले. तेवढं मी सांगणार. माझ्या तोंडानं. यंत्राच्या न्हाई."

"मग भागच होणार नाही. साहेब जुनाच दाखवा म्हणतील, नाहीतर माझी नोकरी..."

"माझ्या सहीबिगर कोण दावतंय ते बघते मी!"

मालन आधी नेमिनाथ कासाराकडं गेली. तो भाच्याच्या घरी ओसरीवर प्लास्टिकच्या फुलांच्या माळा ओवत बसला होता. सत्त्याहत्तरीचं हडकलेलं शरीर, पण बोटं अजून चपळ. मालननं सगळं सांगितलं आणि पाया पडायला वाकली. त्यानं पाय मागं घेतले.

"मी फौजदाराला सांगितलं होतं," तो म्हणाला. "त्या बाईनं दार उघडलंच नाही, खिडकीतनं शिवी देऊन हाकलला मला. फौजदार म्हणाला, अख्खं गाव सांगतंय ती गरीब गाय होती, अन् तू म्हणतोस शिवी दिली? मग मारला आणखी."

मालन ओसरीच्या पायरीवर बसली. म्हणजे त्याची सुटका तिच्याच तोंडात होती! आक्काच्या एका शिवीत!

"कासारमामा, मी पोलिसांत जाते. तुम्ही चला संगं."

"मी त्या पायऱ्या पुन्हा चढणार नाही. आणि माफी-बिफी मागू नको, मला द्यायची नाही. चार वर्षांच्या पोरीपासून नव्वदीच्या म्हातारीपर्यंत हात माझ्या हातात विश्वासानं द्यायच्या बायका. ते तू परत आणून देणार आहेस का?" त्यानं सुईत दोरा ओवला. "पण जा तू. आज जा. उद्या तुझा विचार बदलेल."

ती परतली आणि ऊन उतरायच्या सुमाराला रंगराव गिरणीत आला. पांढरा सदरा, हातात काठी, पंच्याहत्तरी उलटली तरी ताठ. गावात त्याच्या शब्दाला मान होता. साहेबांनी त्यालाही फोन केला असावा.

"मालन, सही कर. कासाराचा भाग दावू दे, विषय संपू दे."

"दादा, त्या दिवशी तू माझ्याकडं अंघोळ का केलीस?"

त्यानं काठीचं टोक जात्याच्या दगडावर टेकवलं.

"ही गिरणी कुणी घालून दिली तुला? तुझा नवरा दारू पिऊन पडायचा, तवा पोरांच्या तोंडात घास कुणी घातला?"

"तू घातलास. मी न्हाई म्हणत न्हाई. अंघोळ का केलीस?"

"तिचं तोंड कसं होतं तुला ठावं हाय!" रंगराव एकदम कडाडला. "रक्ताचा माणूस दारात आला तर बापाचा उद्धार, आईचा उद्धार... माणसानं किती ऐकायचं? किती?"

बोलून झालं आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. त्यानं दाराबाहेर कुणी आहे का ते बघितलं.

"म्हंजे आक्काचं तोंड तुला आठवतंय तर," मालन म्हणाली. "मला म्हणाला होतास, सांग, ती गोड होती."

"मालन. मी मरायला टेकलोय. किती दिवस राहिलेत माझे? मेल्यावर काय सांगायचं ते सांग."

"मेल्यावर? मेल्यावर मी बी म्हणेन की, फार चांगला होता हो! आमच्यात तसंच म्हणत्यात! न्हाई दादा. तुझं खरं तू जिता असताना बोलणार मी."

त्यानं हात जोडले. सख्खा थोरला भाऊ, ज्याच्या खांद्यावर बसून ती जत्रेला गेली होती, तिच्यापुढं हात जोडून उभा होता, आणि मालनला भडभडून आलं. तिनं त्याला पाणी दिलं. तो ते प्याला. मग तिनं पदरानं अंगावरचं पीठ झटकलं, गिरणीला कुलूप घातलं आणि त्याच्या देखत रस्त्याला लागली.

एसटीच्या थांब्यावर सानिका उभी होती. कॅमेरा नव्हता, चष्मा नव्हता. "मी येऊ बरोबर?" तिनं विचारलं. "कामासाठी नाही. अशीच."

"ये. पण मधी बोलायचं न्हाई."

तालुक्याच्या ठाण्यात एक तरुण अधिकारी बसला होता. त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. समोरच्या यंत्रात तिचे शब्द आपोआप उमटत होते. मधे एकदा त्यानं ते थांबवलं.

"आजी, यात तुम्हीही अडकाल. तेव्हा खोटा जबाब दिला म्हणून तुमच्यावरही गुन्हा होऊ शकतो. आणि इतक्या वर्षांनी हे सिद्ध होईलच असं नाही. विचार करा. घरी जा, मुलांशी बोला."

"बत्तीस वर्षं घरीच होते मी," मालन म्हणाली. "चालू कर ते."

त्यानं चालू केलं. "ज्याच्याबद्दल सांगताय त्याचं पूर्ण नाव?"

"रंगराव ज्ञानू शेवाळे, राहणार रेठवाडी."

"तुमचं त्याचं नातं?"

"सख्खा भाऊ."

अधिकाऱ्यानं यंत्र पुन्हा थांबवलं. त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. बहुधा त्याला वाटलं असेल, म्हातारी आता तरी डगमगेल, डोळ्याला पदर लावेल, राहू दे म्हणेल. मालननं दोन्ही हात टेबलावर टेकले आणि गिरणीतल्या आवाजात, बाहेरच्या बाकावरच्या माणसांनीही वळून बघावं अशा आवाजात, ती म्हणाली, "थांबलास का? लिही. भाऊ सख्खा हाय. अन् मेली ती बी सख्खीच होती."